ऐंशी मिनिटांत कोणते बाबासाहेब भरायचे?



आपल्या वस्त्यांत पुस्तकाच्या आधी गाणे पोहोचले. ज्या आजीला अक्षराची ओळख नव्हती, तिला चवदार तळे, काळाराम मंदिर, येवल्याची घोषणा आणि नागपूरची धम्मदीक्षा क्रमाने पाठ होती. ते तिला कुणी वर्गात शिकवले नव्हते. जलशात, जयंतीच्या मंडपात, जात्यावर आणि पाळण्याजवळ ती ते शिकली. म्हणजे आपल्या समाजाच्या इतिहासाचा पहिला ग्रंथ गाण्यांचा आहे. मग आज आपल्या कानात जे गाणे वाजते ते आपल्याला काय शिकवते, हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. तो विचारधारेचा प्रश्न होतो.

या प्रश्नावर आम्ही कुठे परिसंवाद भरवला नाही. एक साधी सीडी तयार करायची होती, तेवढ्यावरून तो आमच्यासमोर उभा राहिला.

आम्ही म्हणजे नाशिकमधल्या एका वस्तीच्या वाचनालयात संध्याकाळी बसणारे तिघे. आमच्यापैकी एकाच्या बहिणीचे यजमान पिकअप चालवतात. आम्ही तिघेही त्यांना दाजीच म्हणतो. टोमॅटोचे क्रेट भरून रात्री निघायचे, कसारा घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशी मार्केट गाठायचे, हे त्यांचे काम. गाडी जुनी, तिच्यातला टेपही जुना. त्याला पेन ड्राइव्ह चालत नाही, एमपीथ्री चालत नाही, फक्त साधी ऑडिओ सीडी चालते. दाजींनी सांगितले, "मास्तर, एक चांगली सीडी करून द्या. आपल्याच गाण्यांची. बाजारातली नको, ऐकून ऐकून पाठ झाली."

ऑडिओ सीडीत ऐंशी मिनिटे बसतात. मोबाइलमध्ये हजार गाणी ठेवणाऱ्याला निवड करावी लागत नाही. तो ढकलत पुढे जातो. ऐंशी मिनिटे म्हटली की एक गाणे घेतले तर दुसरे जाते. कव्वालीच्या अंगाने गायलेले पूर्ण गाणे सात-आठ मिनिटे खाते. म्हणजे फार तर चौदा-पंधरा गाणी. आमच्याकडे जमा झाली होती दोनशेच्या वर. काय घ्यायचे आणि का, यावर आमचे चार संध्याकाळ भांडण झाले. त्या भांडणातून जे मुद्दे निघाले ते तुमच्यासमोर ठेवतो. पटले तर घ्या, नाही पटले तर खोडून काढा.

पहिला मुद्दा अवताराचा. गोळा केलेल्या गाण्यांत अशी कितीतरी निघाली, ज्यांत बाबासाहेब देव आहेत, अवतार आहेत, त्यांच्यापुढे आरती आहे आणि नवस तेवढा बाकी आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ही गाणी कशी ऐकायची? बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आम्ही मानणार नाही, अशी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी आपल्याला दिली. आपण विष्णूला दारातून काढले आणि अवताराची कल्पना खिडकीतून आत घेतली, तर ती प्रतिक्रांतीच झाली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी स्पष्ट इशारा दिला होता, की राजकारणात भक्ती शिरली की देश अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे जातो. ज्या माणसाने भक्तीविरुद्ध हा इशारा दिला, त्याचीच भक्ती करणारी गाणी त्याच्या जयंतीला लावायची, हा कुठला न्याय?

यावर आमच्यातल्या एकाने आक्षेप घेतला आणि तो महत्त्वाचा आहे. तो म्हणाला, आपल्या आयांनी बाबासाहेबांना देव म्हटले, कारण मोठ्या माणसासाठी त्यांच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. हजारो वर्षे ज्यांना विद्येपासून दूर ठेवले, त्यांनी हाताशी असलेल्या शब्दांतून कृतज्ञता मांडली. त्यांना आज आपण विज्ञाननिष्ठेचे धडे द्यायचे का?

नाही द्यायचे. फरक ओळखायचा. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी गायलेल्या तर मुद्दाम ऐकाव्यात अशा आहेत. त्यांत बाबासाहेब घरचे आहेत. कुणाचे भाऊ, कुणाचे बाप, कुणाचे पाहुणे. त्यांच्याकडे काही मागणे नाही, त्यांच्या येण्याचा आनंद आहे. त्या बाया पूजा करत नव्हत्या, नाते जोडत होत्या. उलट आजचा शिकलेला गीतकार स्टुडिओत बसून आरतीचा साचा उचलतो, देवाच्या नावाच्या जागी बाबासाहेबांचे नाव टाकतो आणि रेकॉर्ड करतो. त्याच्याजवळ शब्द होते, ग्रंथ होते, तरी त्याने सोपी वाट धरली. म्हणून आम्ही एक पाळणा घेतला, दोन ओव्यांची ध्वनिफीत घेतली, आणि अवताराची सगळी गाणी बाजूला केली.

दुसरा मुद्दा शेवटच्या कडव्याचा, आणि आमच्या मते हा सगळ्यात मोठा.

वामनदादा कर्डक आमच्याच जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्म. मुंबईत कष्टाची कामे केली, वयात आल्यावर अक्षरे शिकले आणि १९४३ पासून गाणी लिहू लागले. २००४ मध्ये जाईपर्यंत थांबले नाहीत. गावोगाव फिरले, मिळेल ते खाल्ले, हजारो गाणी मागे ठेवली. आज महाराष्ट्रात अशी बौद्ध वस्ती दाखवा, जिथे त्यांचे एकही गाणे माहीत नाही. नाही दाखवता येणार.

आता एक प्रयोग करा. तुमच्या मोबाइलमधले वामनदादांचे एखादे गाणे काढा आणि त्याच्या खाली कवीचे नाव शोधा. बहुतेक वेळा गायकाचे नाव असेल, संगीतकाराचे असेल, कंपनीचे ठळक असेल, मिक्स करणाऱ्या डीजेचे त्याहून ठळक असेल. कवीचे नसेल. पण आपल्या शाहिरांनी याची तजवीज आधीच करून ठेवली होती. संतांनी अभंगात नाव गुंफले, तसे वामनदादांनी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफले. कागद हरवला, वही जळाली, कॅसेटच्या वेष्टनावर नाव छापले नाही, तरी गाणे गाताना कवीचे नाव तोंडात यावे. ज्याच्याजवळ वकील नाही, प्रकाशक नाही, करारपत्र नाही, त्याने केलेली ही कॉपीराइटची नोंदणी आहे.

आणि आज काय होते? गाणे छोटे करायचे म्हणून शेवटचे कडवे कापतात. मुखडा घेतात, एक अंतरा घेतात, मग पुन्हा मुखडा आणि बीट. तीन मिनिटांत गाणे संपते आणि वामनदादाही संपतात. आमच्याकडच्या गाण्यांत एकाच गाण्याची चार-चार रूपे होती आणि त्यातल्या बहुतेकांत शेवटचे कडवे गायब होते. कापणारा माणूस आपलाच असतो, त्याच्या मनात द्वेष नसतो. पण ज्या समाजाच्या कारागिराचे नाव कधी कुठल्या वास्तूवर कोरले गेले नाही, त्या समाजाने आपल्याच कवीचे नाव कात्रीने कापावे?

शिवाय शेवटच्या कडव्यात नुसते नाव नसते. मुखड्यात गौरव असतो, मधल्या कडव्यांत प्रसंग असतो आणि शेवटी कवी आपल्याकडे वळतो. तुम्ही काय केले, एकत्र का राहत नाही, त्या माणसाने दिलेले कुठे घालवले, असे विचारतो. गौरव ठेवून प्रश्न कापला की उरते ती फक्त मिरवणूक. म्हणून आम्ही नियम केला: गाणे घ्यायचे तर पूर्ण घ्यायचे. जागा कमी पडली तर गाण्यांची संख्या कमी करायची, कडवे कापायचे नाही.

तिसरा मुद्दा चालीचा. सिनेमाच्या चालीवरची गाणी घ्यायची की नाही? काही कार्यकर्त्यांना त्यांची लाज वाटते. आम्हाला नाही वाटत. ज्या काळारामाच्या सत्याग्रहाला २ मार्च १९३० रोजी सुरुवात झाली, त्या काळात भीमराव कर्डकांसारखे जलसाकार याच नाशिक भागात उभे राहिले. त्यांनी तमाशाचा लोकांना माहीत असलेला साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. ओळखीची चाल म्हणजे उघडे दार. लोक चालीसाठी थांबतात आणि विचार ऐकून जातात. वामनदादांचे पहिले गाणेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबनच होते. तेव्हा चाल उसनी असली तरी चालेल, विचार उसना नको. हीच आमची कसोटी.

चौथा मुद्दा रमाईचा. रमाईवरची गाणी ऐकताना डोळे भरून येतात, आमचेही येतात. पण दोनशे गाण्यांतली रमाई वेगळी काढून ऐकली, तर ती जवळजवळ सगळीकडे सोसतेच आहे. उपाशी राहते, गोवऱ्या थापते, लेकरे गमावते, वाट पाहते. हे सगळे खरे आहे. पण आपल्या मुलींनी वर्षानुवर्षे एवढेच ऐकले, तर त्या काय शिकणार? सोसणे हाच बाईचा मोठेपणा, हे तर मनूही सांगत होता! बाबासाहेब परदेशी असताना घराचा पूर्ण कारभार एकटीने पेलणारी, निर्णय घेणारी रमाई गाण्यात का येत नाही? २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, हजारो बाया जमल्या. हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. आमच्या दोनशेत या दोन घटनांवर धड एक गाणे निघाले नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर पाठवा. आम्ही रमाईचे एकच गाणे घेतले. आणि बाईच्या आवाजाची जागा दुसऱ्या कुणाला न देता कडूबाई खरात यांना दिली. औरंगाबादच्या या बाईच्या हातात एकतारी, मागे कुठली कंपनी नाही, बापाकडून आलेले गाणे आणि मोकळा गळा. त्या बाबासाहेबांबद्दल गातात तेव्हा दया मागत नाहीत, हिशेब सांगतात: माझ्या घरात हे जे आहे ते कुणामुळे आहे.

पाचवा मुद्दा प्रल्हाद शिंदे यांचा. आमच्यातला एक कडक आहे. तो म्हणाला, ज्या आवाजाने विठ्ठलाची गाणी गायली, सत्यनारायणाची कथा घराघरात नेली, तो आवाज या सीडीत कशाला? दुसऱ्याने उत्तर दिले ते आम्ही शेवटी मान्य केले. कलावंताच्या पोटाला चळवळीने काय दिले ते आधी विचारा. जयंतीच्या रात्री चौदा तास गायला लावून पहाटे हातात नारळ देणारी मंडळे आपलीच. कंपनीने पैसे दिले, त्याने कंपनीला पाहिजे ते गायले. आणि दुसरी बाजू पाहा. ज्या वाड्यांत आपल्या माणसाला ओट्यावर बसू देत नव्हते, त्या वाड्यांच्या देवघरात सत्यनारायणाच्या दिवशी आपल्याच माणसाचा आवाज घुमत होता. त्यांना ते माहीत नव्हते किंवा माहीत असून चालत होते. सोवळ्याचे ढोंग याहून चांगले कोण उघडे करणार? प्रल्हाद शिंदे यांची दोन भीमगीते आम्ही घेतली.

मग वाद आला डीजेच्या गाण्यांचा. आम्ही तिघांनी ठरवले होते, एकही नको. यादी तयार करून दाजींना वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "मास्तर, यात बीटवालं एकपण नाही का?"

आम्ही प्रबोधन वगैरे सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. "तुमचं प्रबोधन बरोबर आहे. पण रात्री दोनला घाटात मागं दीड टन माल, आणि डोळा लागला, तर ऐकायला कोण राहणार? दोन गाणी मला जागं ठेवणारी टाका. बाकी तुमच्या मनाची."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि ते असण्याची गरजही नव्हती. गाणे कुणासाठी आहे, तो माणूस ते कुठे बसून ऐकणार आहे, हे सोडून केलेली निवड ही पंडिताची निवड. जलसाकार पंडित नव्हते. गिरणीच्या चाळीत वेगळे गायचे, खेड्यात वेगळे. बीटवर नाचणाऱ्या पोरांना नुसते हिणवूनही काही साधणार नाही. वर्षातले एक दिवस गावाच्या मुख्य रस्त्यावर नाचायला मिळणे, हा त्यांच्या आजोबांना नसलेला हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच, की नाचा, पण नाचता नाचता कानावर काय पडते ते तपासा. दोन गाणी घेतली. बीट जोरदार, शब्द स्वच्छ, कवीचे नाव शाबूत.

एक गोष्ट दाजींनी सहज बोलता बोलता सांगितली. दुसऱ्या गावचा हमाल किंवा व्यापारी शेजारी बसला, की ते टेपचा आवाज बारीक करतात. ढाब्यावर गाडी लावायच्या आधी बंदच करतात. "भांडण नको. माल वेळेवर पोचला पाहिजे."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण ही भीती मनाचे खेळ नाहीत. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन मोबाइलवर वाजली, त्यावरून वाद झाला आणि एका दलित तरुणाला जिवे मारले गेले. तो नर्सिंगचे शिक्षण घेत होता. एका रिंगटोनची किंमत एक जीव! या राज्यात रात्रंदिवस भोंगे वाजतात, कुणी कुणाला विचारत नाही. पण एका माणसाच्या खिशात अर्धा मिनिट वाजलेले गाणे सहन होत नाही. का? कारण त्या गाण्याचा अर्थ आपल्या पोरांपेक्षा त्यांना जास्त चांगला कळतो. ते गाणे म्हणते, की मी आता वाकत नाही. म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे, आवाज बारीक करणाऱ्या दाजींना भित्रे म्हणू नका. रात्रीच्या रस्त्यावर एकट्या माणसाने शूर व्हावे ही अपेक्षा सोपी आहे. त्याला एकटे पडू न देणे हे संघटनेचे काम आहे आणि ते अवघड आहे.

उरलेली यादी पटकन सांगतो. अण्णाभाऊ साठे यांनी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर लिहिलेले, जग बदलायला सांगणारे गाणे घेतले. लाल बावटा कलापथकाचा शाहीर निळ्या बापाचा निरोप सांगतो, हे आजच्या पोरांना कळले पाहिजे. नामांतराचे एक गाणे घेतले, कारण १९७८ ते १४ जानेवारी १९९४ ही सोळा वर्षे आणि पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे ही नावे वीस वर्षांच्या मुलाला माहीत नसतात. विठ्ठल उमप यांचे एक घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात व्यासपीठावरच ते कोसळले आणि गेले. आणि विलास घोगरे यांचे घेतले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी या शाहिराने मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीव दिला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. ते गाणे सीडीत शेवटी ठेवायचे की मधे, यावर आमचे बराच वेळ चालले. शेवटी मधे ठेवले. शेवट मरणाने करायचा नाही, असे ठरले. शेवटी वामनदादा, पूर्ण, नावासकट.

चौदा गाणी झाली, एकोणऐंशी मिनिटे. वेष्टनाच्या कागदावर आम्ही प्रत्येक गाण्यापुढे आधी कवीचे नाव लिहिले, मग गायकाचे. तीन गाण्यांचे कवी सापडले नाहीत. तिथे 'कवी: शोध चालू' असे लिहिले. जागा मोकळी सोडली असती तर कवी नव्हताच असे झाले असते.

तरुण मित्रांनो, आता तुमच्याकडे मागणे आहे. येत्या जयंतीला मंडळाने डीजेवर किती खर्च करायचा ते तुम्ही ठरवा, पण वाजणारी यादी एकदा बसून तुम्ही स्वतः करा. प्रत्येक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका. प्रत्येकाच्या कवीचे नाव शोधा आणि माइकवरून सांगा. तुमच्या वस्तीत एखादी म्हातारी असेल, जिला पाळणा येतो. एखादा जुना कव्वाल असेल, ज्याच्या वहीत न छापलेली गाणी आहेत. मोबाइल घेऊन जा, रेकॉर्ड करा, वहीचे फोटो काढा, आणि जाताना पाकिटात मानधन घेऊन जा. नारळ नको. आणि तुमच्यात कुणी लिहिणारी मुलगी असेल तर तिला सांगा, हिंदू कोड बिलावरच्या गाण्याची जागा रिकामी आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला हात जोडायला शिकवले नाही, विचारायला शिकवले. आपली गाणीही विचारणारी हवीत.

जय भीम! जय भारत!